सातव्या दिवसाचा कलावंत

‘हौशी’ हा शब्द मराठी टीकाकार बहुधा हात राखून वापरतात. हौशी नट, हौशी चित्रकार, हौशी लेखक असे म्हटले की कौतुकाबरोबर थोडी सवलतही देऊन टाकली जाते. आणि सवलत दिली की परीक्षा घेण्याचे कारण उरत नाही. जो एकाच कलेची जन्मभर उपासना करतो आणि ज्याच्यामागे कृतींची रांग उभी असते तोच खरा कलावंत, अशी एक समजूत आमच्यात रूढ होऊन बसली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे असे नव्हे. साधनेवाचून सिद्धी नाही हे कोण नाकारील? तथापि या समजुतीत नीट न बसणारा, आणि म्हणूनच तिची मर्यादा दाखवून देणारा, एक कलावंत विसाव्या शतकाच्या आरंभी आइसलँडमध्ये होऊन गेला. त्याचा परिचय करून द्यावा, आणि त्याच्या निमित्ताने या समजुतीचा थोडा फेरविचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्वुद्मुंदुर थोर्स्टेइनसन हे त्याचे नाव. पण या नावाने त्याला फारसे कोणी ओळखीत नाही. आइसलँडमध्ये तो ‘मुग्गुर’ या घरगुती नावानेच प्रसिद्ध आहे; चित्रसंग्रहालयातही आणि शाळेतल्या मुलांच्या तोंडीही. ज्या कलावंताचे लाडके नावच इतिहासाने कायम केले त्याच्या कलेविषयी त्या नावातच थोडे सांगून झाले आहे असे आम्हांस वाटते. मुग्गुर चित्रकार होता, पुस्तकांना चित्रे काढणारा होता, रंगीत कागद कातरून चित्रे रचणारा होता, एका मूकपटाचा नायक होता, गात असे, मुलांना गोष्टी सांगत असे. यांपैकी एकाही क्षेत्रात त्याने मोठा संसार मांडला नाही. वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो क्षयाने वारला. लेखक म्हणून त्याचे नाव ज्या एका पुस्तकावर टिकून आहे ते एका लहान मुलीला द्यावयाची भेट म्हणून तयार झाले होते आणि त्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी छापले गेले. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर एखादा माणूस राष्ट्राच्या स्मरणात शंभर वर्षे कसा राहतो, हा प्रश्न टीकाकाराने टाळण्यासारखा नाही.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १८९१ रोजी आइसलँडच्या वायव्येकडील आर्नारफ्योर्दुर या खाडीकाठच्या बिल्डुदालुर गावी झाला. उंच, सपाट माथ्यांच्या डोंगरांमधून समुद्र खोल आत शिरलेला, आणि त्याच्या काठी मासळीच्या व्यापारावर जगणारी एक लहान वस्ती, असे ते गाव. त्याचे वडील पेटुर थोर्स्टेइनसन हे तेथील मोठे व्यापारी. खारवलेल्या मासळीच्या उद्योगाने त्यांनी गावाचे रूप पालटले. १९०३ साली हे कुटुंब कोपनहेगनला राहावयास गेले. पुढे १९०७ मध्ये वडिलांच्या भागीदारीत एक मोठी व्यापारी कंपनी निघाली. तिच्या भांडवलाच्या आकड्यावरून लोक तिला ‘दशलक्षांची कंपनी’ म्हणत. १९१४ साली तिचे दिवाळे वाजले. म्हणजे मुग्गुरने बालपणी वैभव पाहिले आणि ऐन विद्यार्थिदशेत त्या वैभवाचा अस्तही पाहिला. त्याच्या चित्रांतील राजवाडे सोनेरी असले तरी भक्कम का वाटत नाहीत, याचा उलगडा या माहितीने होतो असा दावा आम्ही करीत नाही. चरित्रातून कलेचे उत्तर काढण्याची घाई बरी नव्हे. पण ही माहिती हाताशी असलेली बरी.

कोपनहेगनला जाणे ही त्या काळच्या आइसलँडिक तरुणाची जवळजवळ अपरिहार्य वाट होती. विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या आइसलँडची लोकसंख्या सुमारे ७८ हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी होती. देश डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली. १९०४ मध्ये अंतर्गत कारभार हाती आला, १९१८ मध्ये राजा समाईक ठेवून सार्वभौमत्व मिळाले, आणि प्रजासत्ताक स्थापन व्हावयास १९४४ उजाडले. रेक्याविकचे विद्यापीठ १९११ साली निघाले. चित्रकलेची उच्च शिक्षणसंस्था तर नव्हतीच. त्यामुळे ज्याला शिकावयाचे, लिहावयाचे, रंगवावयाचे त्याने समुद्र ओलांडून परक्याच्या राजधानीत बिऱ्हाड करावे हा रिवाज पडला होता. नाटककार योहान सिग्युर्योन्सन तेथेच राहिला. कादंबरीकार गुन्नार गुन्नारसन १९०७ मध्ये डेन्मार्कला गेला, डॅनिश भाषेत लिहून नावारूपास आला आणि १९३९ पर्यंत परतला नाही. नोकरीनिमित्त मुलखाबाहेर बदल्या घेत फिरणाऱ्या आमच्या वाचकांना या मंडळींच्या मनःस्थितीची कल्पना सहज येईल. दूर गेल्यावर माणसाचे आपल्या मुलखाशी असलेले नाते तुटत नाही, पण त्याचे रूप बदलते. कोणाला डोंगर आठवतात, कोणाला भाषा, कोणाला आजीच्या तोंडच्या ओव्या.

आइसलँडच्या चित्रकारांना बहुधा डोंगर आठवले. थोरारिन थोर्लाकसनने १९०० साली रेक्याविकमध्ये चित्रांचे प्रदर्शन भरविले, तेथून आधुनिक आइसलँडिक चित्रकलेचा आरंभ धरतात. त्याच्यामागून आस्ग्रीमुर योन्सन आला. मुग्गुरच्याच काळात कोपनहेगनच्या कला अकादमीत शिकणारा योहान्नेस क्यार्वाल आला. या सर्वांचा मुख्य विषय आपल्या देशाची भूमी हा होता: हिमाच्छादित शिखरे, लाव्हाची मैदाने, त्यांवरील शेवाळ आणि उत्तरेकडचा तो विरळ, दीर्घकाळ रेंगाळणारा प्रकाश. स्वातंत्र्याच्या मार्गावर असलेल्या राष्ट्राला आपली भूमी चित्रात पाहावीशी वाटणे स्वाभाविक होते. ती चित्रे पाहून एक राष्ट्र आपला चेहरा ओळखावयास शिकले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मुग्गुर त्याच अकादमीत १९११ पासून १९१५ पर्यंत शिकला. रेखा, रंग, मानवी देह यांचे रीतसर शिक्षण त्याने घेतले होते, ही गोष्ट येथेच नमूद करून ठेवतो. तिचा उपयोग पुढे आहे. त्यानेही निसर्गचित्रे काढली. परंतु त्याचे मन रमले ते डोंगरात नव्हे, तर डोंगराच्या पायथ्याशी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत. म्हाताऱ्या बायका, मुले, डोंगरातील राक्षस, परी, गायीच्या शेपटीच्या केसातून नदी निर्माण करणारा लोककथेतील मुलगा, येशू आणि त्याच्याभोवती जमलेले आजारी लोक ही त्याची चित्रसृष्टी. इतर चित्रकारांनी देशाची भूमी रंगविली, तर मुग्गुरने त्या भूमीवरचे घर रंगविले. आणि घर म्हटले की ऐकणारे कोणीतरी आलेच.

हा ‘ऐकणारे कोणीतरी’ त्याच्या कलेत फार महत्त्वाचा आहे. १९१६ साली थिओडोरा थोरोड्सेन या कवयित्रीचा ‘थूलुर’ नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे मुग्गुरची. थिओडोरा ही त्याची सख्खी मावशी. थूला हा आइसलँडमधील फार जुना लोकगीतप्रकार. आमच्याकडील बडबडगीते आणि बायकांची पारंपरिक गाणी यांच्या मध्ये कोठेतरी त्याची जागा लावता येईल. एका यमकातून दुसरे यमक आणि एका चित्रातून दुसरे चित्र निघत जाते, अर्थाची साखळी सैल असते आणि लय मात्र घट्ट असते. विद्वानांनी या प्रकाराकडे पोरखेळ म्हणून पाहावे आणि मुलांच्या आया-आज्यांनी तो जतन करावा, अशी शतकानुशतके वाटणी झाली होती. थिओडोराने त्याला नव्या काव्याची प्रतिष्ठा दिली. मुग्गुरने तिच्या ओळींना चित्रांचे केवळ अलंकार चढविले नाहीत. गाण्यातला सैलपणा त्याने रेषेत उतरविला. मावशीची गाणी आणि भाच्याची चित्रे असे हे घरातल्या घरात जमलेले काम होते. पण ते घरापुरते राहिले नाही. आमच्या विवेचनाचे सूत्र येथे प्रथम हाती लागते. मुग्गुरच्या उत्तम कामांच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादे जिवंत, ओळखीचे माणूस आढळते.

१९१९ साली त्याच्या आयुष्यात एक वेगळाच प्रसंग आला. गुन्नार गुन्नारसनच्या ‘बोर्ग घराण्याचा इतिहास’ या गाजलेल्या कादंबरीमालेवरून एका डॅनिश कंपनीने मूकपट काढावयाचे ठरविले आणि त्याचे चित्रीकरण आइसलँडमध्ये केले. कादंबरीतील थोरला मुलगा ओर्मार याची प्रमुख भूमिका मुग्गुरला मिळाली. धाकटा भाऊ केटिल याचे काम दिग्दर्शक गुन्नार सोमरफेल्ट यानेच केले. हा बोलपट नव्हता, आणि ते एका अर्थी मुग्गुरच्या पथ्यावर पडले. चेहरा आणि देह यांचे रेखाटन हाच तर त्याचा धंदा. पण खरा विचार करण्याजोगा भाग भूमिकेचा आहे. ओर्मार हा व्हायोलिन शिकण्यासाठी कोपनहेगनला गेलेला आइसलँडिक शेतकऱ्याचा मुलगा. वर्षानुवर्षे तो साधना करतो आणि ज्या मैफलीने त्याची कीर्ती व्हावयाची त्या मैफलीतच जाणूनबुजून कलेकडे पाठ फिरवितो. पुढे तो व्यापारात पडतो, जहाजांची कंपनी काढतो, यशस्वी होतो. ज्याच्या घरी व्यापार होता, ज्याच्या वडिलांची कंपनी बुडाली होती आणि जो स्वतः कलेसाठी कोपनहेगनला राहिला होता, अशा तरुणाने कला सोडून व्यापारी झालेल्या माणसाचे काम करावे, हा योगायोग विलक्षण खरा. ओर्मारपुढे दोनच मार्ग होते: सर्वस्व वाहून घेतलेली कला किंवा कलेचा संपूर्ण त्याग. कादंबरीकाराला या दोन टोकांत नाट्य दिसले. मुग्गुर स्वतः मात्र तिसऱ्याच वाटेने चालला होता. त्याने कला सोडली नाही, आणि कीर्तीची मैफलही मांडली नाही.

या तिसऱ्या वाटेचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे १९२० मधील ‘स्वर्गातील सातवा दिवस’ हे चित्र. ते रंगाने रंगविलेले नाही. चकचकीत रंगीत कागद कातरून, तुकडे चिकटवून ते रचलेले आहे. मुले शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला करतात तेच हे तंत्र. त्याच सुमारास युरोपातील नवमतवादी चित्रकार वर्तमानपत्रांचे कपटे चिकटवून वास्तवाची मोडतोड करीत होते. मुग्गुरच्या कातरकामाचा त्या बंडाशी काही संबंध दिसत नाही. त्याला काही मोडावयाचे नव्हते. बायबलातील कथेनुसार ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. चित्रकारांना सहसा पहिले सहा दिवस आकर्षक वाटतात. प्रकाश, समुद्र, पशू, मानव यांची निर्मिती म्हणजे भव्यतेला केवढा वाव! मुग्गुरने निवडला तो सुट्टीचा दिवस. काम संपले आहे. ईश्वर आपल्याच बागेत देवदूतांसह फिरावयास निघाला आहे, आणि भोवतालची झाडे व पशुपक्षी जणू तो घरी आला म्हणून आनंदात आहेत.

या चित्रात भक्ती आहे, पण दरारा नाही. ईश्वराचे असे घरगुती दर्शन आम्हां मराठी वाचकांना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. जनाबाईबरोबर दळावयास बसणारा देव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु मुग्गुरच्या चित्रातील खरी नवलाई तंत्र आणि आशय यांच्या एकजीवतेत आहे. सुट्टीच्या दिवसाचे चित्र सुट्टीच्या दिवशी हाती घेण्याच्या साधनांनी केलेले आहे: कातर, खळ आणि रंगीत कागद. तैलरंगात हेच चित्र काढले असते तर विषय गोड राहिला असता, पण चित्र खोटे ठरले असते. आणि हे कातरकाम पोरकट होत नाही याचे कारण काय? अकादमीत चार वर्षे घोटलेली रेषा. कातर कोठे वळवावी हे त्या हाताला ठाऊक आहे. हौस आणि साधना या परस्परांच्या वैरिणी आहेत असे मानणाऱ्यांनी हे चित्र अवश्य पाहावे.

आता त्याच्या एकमेव कथेकडे वळू. १९२१ साली मुग्गुर एका मालवाहू जहाजातून इटलीला चालला होता. त्या प्रवासात त्याने आपल्या लहान भाचीसाठी एक गोष्ट लिहिली आणि तिची चित्रे जलरंगात काढली. भाचीला घरात ‘डिम्मालिम्म’ म्हणत. गोष्टीतल्या राजकन्येचे नावही त्याने तेच ठेवले. ‘डिम्मालिम्मची गोष्ट’ ती हीच. कथानक अगदी साधे आहे. एक लहान, गुणी राजकन्या असते. तळ्याकाठी तिची एका हंसाशी मैत्री जमते. ती त्याच्याकडे येत राहते. एके दिवशी पाहते तो हंस मरून पडलेला. ती फार रडते. मग तिच्यापुढे एक राजपुत्र उभा राहतो. चेटकिणीने त्यालाच हंस करून टाकले होते आणि चांगल्या मुलीच्या मायेने त्याची सुटका झाली. पुढे दोघांचे लग्न होते व ती राजाराणी होतात.

हंस हा कथांच्या जगातला जुना पाहुणा आहे. आमच्या रघुनाथपंडितांच्या आख्यानात तो नळ-दमयंतीचा दूत होतो. डेन्मार्कच्या हान्स आन्डरसनच्या १८३८ मधील प्रसिद्ध कथेत अकरा राजपुत्र हंस होतात आणि त्यांची बहीण खाजकुइलीसारख्या झाडाच्या धाग्यांचे सदरे विणून, तोंडातून शब्द न काढता, प्राणांतिक छळ सोसून त्यांना सोडविते. मुग्गुर कोपनहेगनमध्येच वाढला. आन्डरसन त्याच्या कानांवर पडला नसेल हे संभवत नाही. म्हणूनच त्याने काय गाळले हे पाहणे उद्बोधक ठरते. डिम्मालिम्म कसलेही दिव्य करीत नाही. ती शाप ओळखीत नाही, चेटकिणीशी झुंजत नाही, सदरे विणीत नाही. ती फक्त येत राहते. आणि हंस मेल्यावर रडते. शाप मोडण्यासाठी तिने माया केलेली नाही. तिला शापाचा पत्ताच नाही. आन्डरसनच्या कथेत प्रेम हे एक तप आहे, तर मुग्गुरच्या कथेत ते नुसती ओढ आहे. नीतिकथेच्या दृष्टीने पाहिले तर आन्डरसन थोर. पण पाच-सहा वर्षांच्या मुलीचे मन ज्याने पाहिले आहे त्याला दुसरी कथा अधिक खरी वाटेल. लहान मूल कोणाला वाचविण्यासाठी माया करीत नाही.

दुसरी गोष्ट मृत्यूची. मुलांसाठी लिहिताना मृत्यू झाकून ठेवण्याची आमच्याकडे वृत्ती आहे. येथे तो झाकलेला नाही. हंस मेला आहे, मान टाकून पडला आहे, आणि त्याच्यापाशी एक लहान मुलगी. शेवट सुखाचा होणार हे वाचणाऱ्या वडीलमाणसाला ठाऊक असते, ऐकणाऱ्या मुलाला नसते. त्या पानापुरते मुलाला दुःख पूर्णपणे सोसावे लागते. मुग्गुर हे दुःख लांबवीत नाही, तसेच त्याला गोड शब्दांत गुंडाळीतही नाही. वाक्ये थोडी आणि आखूड आहेत. सांगणाऱ्याचा आवाज त्यांत ऐकू येतो. जे शब्द सांगत नाहीत ते पाण्याचा विस्तार, हंसाची पांढरी मान आणि त्या दोहोंपुढे मुलीचा चिमुकला देह सांगतात. येथे चित्र गोष्टीचे भाषांतर करीत नाही आणि गोष्ट चित्राची तळटीप होत नाही. लेखक आणि चित्रकार एकच असण्याचा लाभ काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस आठवत नाही.

या गोष्टीनंतर तीनच वर्षांनी, २६ जुलै १९२४ रोजी, कोपनहेगनच्या उत्तरेस सोलेरोड येथील क्षयरुग्णालयात मुग्गुरचा अंत झाला. त्याने काढलेले ‘येशू रोग्यांना बरे करीत आहे’ हे चित्र आज बेस्सास्तादिर येथील चर्चमध्ये वेदीवर आहे. बेस्सास्तादिर हे १९४४ पासून आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान होय. क्षयाने जाणाऱ्या माणसाच्या हातचे ते चित्र आहे हे कळल्यावर त्याकडे कोरड्या नजरेने पाहणे कठीण जाते. तथापि टीकाकाराने स्वतःस आवरले पाहिजे. ते चित्र मोठे आहे ते चित्रकार आजारी पडला म्हणून नव्हे, तर त्यातले आजारी लोक माणसे आहेत म्हणून. येशूचा प्रताप दाखविण्यासाठी उभे केलेले ते पुतळे नाहीत.

येथवर आम्ही मुग्गुरची बाजू मांडली. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडणे कर्तव्य आहे. त्याची पुष्कळशी कामे किरकोळ आहेत. विषयांची निवड लहरी आहे, आणि कित्येक चित्रे कोणाला तरी खूश करण्यापलीकडे जात नाहीत. पण त्याच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. १९२२ साली मुलांसाठी एक मोजणीचे गाणे त्याच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले. अमेरिका-इंग्लंडच्या करमणुकीच्या रंगभूमीवरून जगभर पसरलेले ते गाणे. त्यात दहा कृष्णवर्णीय मुले एकेक करून मरतात आणि ऐकणाऱ्याने हसावे अशी अपेक्षा असते. मुग्गुरची चित्रे त्या थट्टेत सामील आहेत: जाड ओठ, बटबटीत डोळे, सगळी मुले एकाच साच्यातली. हे पुस्तक २००७ मध्ये पुन्हा छापले गेले तेव्हा आइसलँडमध्ये मोठा वाद झाला. काहींना ते बालपणीचे निरागस पुस्तक वाटले. ज्यांच्या घरात कृष्णवर्णीय मुले होती अशा पालकांना मात्र ती निरागसता परवडणारी नव्हती.

‘काळच तसा होता’ असे म्हणून या प्रकरणावर पडदा टाकणे आम्हांस मान्य नाही. काळ तसा होता हे खरे. म्हणूनच कलावंताच्या हाताची परीक्षा तेथे होते. एकाच हाताने, एकाच वर्षाच्या अंतराने, एका मुलीचे दुःख इतक्या हळुवारपणे रेखाटले आणि दहा मुलांचे मरण हसण्यावारी नेले, हे कसे घडले? आमचे उत्तर असे की, डिम्मालिम्म त्याच्या ओळखीची होती, ती दहा मुले नव्हती. जेथे समोर माणूस होते तेथे त्याची रेषा जागी राहिली. जेथे समोर केवळ ऐकीव कल्पना होती तेथे ती रेषा बाजारच्या वळणावर गेली. आम्ही त्याच्या उत्तम कामांचे जे मूळ सांगितले तेच त्याच्या मर्यादेचेही मूळ आहे. जिव्हाळ्यावर पोसलेल्या कलेला जिव्हाळ्याच्या वर्तुळाबाहेर डोळे राहत नाहीत. अनोळखी माणसालाही ओळखीचे करून घेणे ही थोर कलेची कसोटी. त्या कसोटीस मुग्गुर सर्वत्र उतरत नाही.

तरीही डिम्मालिम्म टिकली. १९४२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. तो महायुद्धाचा काळ होता. १९४० पासून आइसलँडमध्ये परकीय सैन्याचा तळ पडला होता, आणि प्रजासत्ताक दोन वर्षे दूर होते. त्या धामधुमीत एका मृत चित्रकाराने भाचीसाठी केलेले हे लहानसे पुस्तक देशातील मुलांच्या हाती आले आणि पुढल्या पिढ्यांचे होऊन गेले. संगीतकार अट्ली हेइमिर स्वेइन्सन याने या कथेच्या नाट्यरूपासाठी संगीत रचले; त्यातील बासरीची एक लहान रचना आज स्वतंत्रपणे वाजविली जाते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुलांच्या पुस्तकांतील चित्रांसाठी आइसलँडमध्ये जे पारितोषिक ठेवले गेले त्यालाही ‘डिम्मालिम्म’ हेच नाव दिले गेले. राष्ट्रीय पारितोषिकाला एका लहान मुलीचे लाडके नाव! ज्या भूमीचित्रांनी राष्ट्राला त्याचा चेहरा दिला त्यांचे श्रेय मोठेच आहे. पण राष्ट्राच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकावी तसे हे पुस्तक ऐकले गेले, हेही श्रेय लहान नव्हे.

मग आरंभीच्या समजुतीचे काय? मुग्गुरच्या उदाहरणावरून दोन निष्कर्ष निघतात असे आम्हांस वाटते, आणि ते एकमेकांना धरूनच घेतले पाहिजेत. पहिला असा की, कृतीचे मोल तिच्या आकारावर किंवा ती कोणत्या वेळात झाली यावर ठरत नाही. जहाजावरच्या रिकाम्या दिवसांत, एका मुलीसाठी, छापण्याचा विचार मनात नसताना झालेले काम वाङ्मय ठरू शकते. दुसरा निष्कर्ष अधिक कडक आहे. त्या रिकाम्या दिवसांच्या मागे शिक्षणाची चार वर्षे आणि घोटलेला हात होता. फुरसतीत केलेले काम म्हणून त्याने रेषेला सवलत दिली नाही. हौस ही कामाची प्रेरणा होती; कामातील ढिलाईची सबब नव्हती.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण या मासिकाच्या पानांवर जे लिहिले जाते ते बहुतांशी आमच्यासारख्या मंडळींचे लेखन आहे. दिवसभर टिपणी आणि मसुदे, नियम आणि परिपत्रके. मराठी ऐकू यावी तर ती घरात किंवा मंडळाच्या गणेशोत्सवात. आणि लिहावयाचे ते रविवारी. अशा लेखनाकडे दोन प्रकारांनी पाहिले जाते. कोणी म्हणतो, एवढ्या अडचणींत लिहितात हेच पुष्कळ. कोणी म्हणतो, पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन घडामोडींपासून दूर राहणाऱ्यांच्या हातून काय होणार? पहिला आमची परीक्षा घेत नाही आणि दुसरा ती घेण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळा होतो. आम्हांस दोन्ही नकोत. आमच्या रविवारच्या कवितांत जे पुष्कळदा उणे असते ते वेळ नव्हे. ती कविता कोणासाठी आहे हे कवीला ठाऊक नसते; ती कोणा ओळखीच्या माणसाला उद्देशून नसते, आणि पुरेशी घोटलेलीही नसते. ती केवळ छापून येण्यासाठी असते.

मुग्गुरला कोणासाठी काम करावयाचे ते ठाऊक होते, आणि ते कसे करावयाचे हेही ठाऊक होते. जेथे पहिली गोष्ट सुटली तेथे दुसरीनेही त्याला तारले नाही, हे १९२२ च्या त्या पुस्तकाने दाखविले. ही दोन्ही सूत्रे हाती धरून जो लिहील त्याने आपण हौशी की व्यावसायिक याची चिंता करण्याचे कारण नाही. ते पुढील वाचक ठरवितील. आणि डिम्मालिम्मचा अनुभव असा की वाचकांना त्या भेदाशी फारसे कर्तव्य नसते.